खुडलेले अळंबे आणि त्याचा पांढरा रंग

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मार्च महिन्यातली दुपार होती. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावच्या महिला बचत गटातल्या दोघीजणी धिंगरी अळंब्यांची वीस-बावीस पाकिटे घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"सर, पहाटं पाचला तोडली, अन् अकरा वाजता दुकानदारानं वापस केली. पिवळी पडली म्हणते, कोणी घेत नाही. आता तुम्हीच सांगा, हे खराब झालं का?"

मी एक पाकीट उघडले. प्लॅस्टिकला आतून पाण्याचे थेंब चिकटले होते. छत्र्यांच्या कडा पिवळसर तपकिरी झाल्या होत्या. आंबूस वास मात्र नव्हता आणि बोटांना चिकटपणाही लागत नव्हता. "ताई, खाण्याच्या दृष्टीनं याला काही झालेलं नाही," मी म्हणालो. त्यावर दोघींतली वयाने मोठी पटकन म्हणाली, "खायला नाही झालं सर, पण विकायला झालं ना!"

त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या आम्ही चौघांनी चार-चार पाकिटे विकत घेतली आणि वेळ मारून नेली. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. पुढे अळंब्यांच्या साठवणुकीचे जुने संशोधन चाळू लागलो, तेव्हा लक्षात आले की 'खायला खराब' आणि 'विकायला खराब' या दोन गोष्टींची गल्लत नुसता दुकानदारच करतो असे नाही. शास्त्रज्ञांनी, कारखानदारांनी आणि गिऱ्हाइकांनीही ती वेळोवेळी केली आहे, आणि एकदा तर ती जिवावर बेतण्याची वेळ आली होती.

मुळात अळंबे खुडल्यावर त्याचे होते काय, ते आधी पाहू. आपण अळंब्याला भाजी म्हणतो, पण ती वनस्पती नव्हे. पेंढ्यात, लाकडात किंवा मातीत पसरलेल्या बुरशीच्या धाग्यांनी बीजाणू पसरवण्यासाठी वर काढलेली ती एक छत्री आहे. विदर्भातल्या वाचकांना पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळंबी ठाऊक असतील. चंद्रपूर-गडचिरोलीकडे त्यांना सात्या म्हणतात, कुठे टेकोडे म्हणतात. वाळवी आपल्या वारुळात जी बुरशी पोसते तिचीच ही छत्री. माणसाला तिची शेती अजून साधलेली नाही. सकाळी गोळा करायची, डोक्यावरच्या टोपलीतून बाजारात आणायची आणि त्याच दिवशी चुलीवर चढवायची, हा तिचा शिरस्ता. ती उद्यासाठी ठेवता येत नाही हे सांगायला तिथे कुणा शास्त्रज्ञाची गरज पडलेली नाही. (शाळेत हा विषय शिकवताना एक मात्र बजावून सांगावे, की रानातले अनोळखी अळंबे तोंडात घालायचे नाही. विषारी जाती ओळखण्याचा चांदीचे नाणे किंवा लसूण काळी पडण्यासारखा कोणताही घरगुती उपाय खरा नाही.)

खुडलेले अळंबे मेलेले नसते. उलट ते घाईला आलेले असते! बीजाणू झाडणे हे त्याचे एकच काम, आणि ते अजून उरकायचे असते. खालच्या धाग्यांकडून येणारी रसद तुटली, तरी अंगातल्या साठ्यावर ते वाढत राहते. देठ लांबतो, छत्रीखालचा पातळ पडदा फाटतो, बंद कळीसारखे बटन अळंबे उघडून पसरट होते आणि खालचे पापुद्रे गुलाबीचे काळपट तपकिरी होतात. हे पाहायचे असेल तर वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. बाजारातून आणलेले, छत्री उघडत आलेले एक बटन अळंबे घ्या. देठ कापून टाका, छत्री पापुद्र्यांच्या बाजूने पांढऱ्या कागदावर ठेवा आणि वर पेला पालथा घाला. दुसऱ्या दिवशी सकाळी छत्री हलकेच उचलली, तर कागदावर सायकलच्या चाकातल्या तारांसारखी तपकिरी नक्षी उमटलेली दिसेल. ते बीजाणू आहेत. दोन-तीन दिवसांपूर्वी शेडमध्ये खुडलेल्या, ट्रकमधून आलेल्या आणि दुकानात विकल्या गेलेल्या अळंब्याने हे काम तुमच्या टेबलावर पूर्ण केले!

या घाईची किंमत श्वसनात मोजता येते. २० अंश सेल्सिअस तापमानाला एक किलो बटन अळंबी तासाला सुमारे अडीचशे ते तीनशे मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्याच तापमानाला एक किलो कांदे जेमतेम आठ-दहा मिलिग्रॅम सोडतात. कांदा चाळीत चार-पाच महिने का टिकतो आणि अळंबे का टिकत नाही, याचे निम्मे उत्तर या दोन आकड्यांत आहे. उरलेले निम्मे त्याच्या कातडीत आहे, किंवा खरे तर कातडी नसण्यात. कांद्याला पापुद्रे, टोमॅटोला मेणचट साल. अळंब्याच्या अंगात नव्वद टक्के पाणी, पण त्यावर झाकण असे काहीच नाही. ब्रिटनमधल्या लिटलहॅम्प्टन येथील संशोधन संस्थेत हॅमंड आणि निकोल्स यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले, की खुडलेले अळंबे श्वसनासाठी आपल्या अंगातले मॅनिटॉल आणि ट्रेहॅलोज हे साठे वापरून संपवत जाते. थोडक्यात, घरातले लाकूडफाटे जाळून ते चूल पेटती ठेवते.

तापमान शून्य अंशावर आणले, तर तोच कार्बन डायऑक्साइडचा आकडा तीस-चाळीस मिलिग्रॅमवर येतो. म्हणजे सर्वांत मोठा उपाय थंडावा, आणि तोही खुडल्यानंतर पहिल्या काही तासांत. मोठ्या कारखान्यांत त्यासाठी एक सुंदर युक्ती वापरतात. अळंब्यांचे क्रेट हवाबंद खोलीत ठेवून आतली हवा पंपाने खेचून घेतात. दाब इतका कमी होतो की अळंब्यातले थोडे पाणी थंडपणीच उकळू लागते, आणि वाफ होताना अळंब्याचीच उष्णता घेऊन जाते. अर्ध्या तासाच्या आत अख्खा ढीग गार! उंच डोंगरावर पाणी कमी तापमानाला उकळते हा आपला आठवी-नववीतला धडा इथे व्यापाराच्या कामी आला आहे.

आता रंगाकडे वळू. कापलेले अळंबे, बटाटा, वांगे, सफरचंद तपकिरी पडते हे माणूस हजारो वर्षे पाहत आला, पण त्याचे कारण सापडले ते अळंब्यातच. बाझेल येथील शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने (ओझोनचा शोध लावणारे ते हेच) काही रानटी अळंबी कापताच हवेत निळी पडतात हे पाहून १८५६ मध्ये असे मांडले, की अळंब्याच्या रसात हवेतला ऑक्सिजन दुसऱ्या पदार्थाला नेऊन देणारे काहीतरी असले पाहिजे. हे 'काहीतरी' म्हणजे काय, ते कळायला आणखी चाळीस वर्षे गेली. पॅरिसमध्ये बुर्केलो आणि बेर्त्रां हे दोघे एका अशा जातीच्या अळंब्यावर काम करत होते, जे कापल्यावर आधी लाल आणि मग काळे होते. १८९५-९६ मध्ये त्यांनी त्यातले विकर वेगळे केले. टायरोसिन या अमिनो आम्लावर काम करणारे म्हणून त्याचे नाव टायरोसिनेज. पुढे १९३८ मध्ये केंब्रिजच्या केलिन आणि मान यांनी अळंब्यांतून हे विकर शुद्ध करून त्याच्या गाभ्याशी तांबे आहे हे सिद्ध केले. आपल्या कातडीला आणि केसांना काळा रंग देणारे विकर याच घराण्यातले. अळंब्याचे काळे पडणे आणि आपले सावळे असणे यांत एवढे जवळचे नाते आहे!

धडधाकट पेशीत हे विकर आणि ज्यांच्यावर ते काम करते ती फिनॉल वर्गातली द्रव्ये वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. बोट लागले, धक्का बसला, पेशी फुटली की दोघांची गाठ पडते. ऑक्सिजन तर आहेच. मग फिनॉलचे क्विनोन होते आणि क्विनोनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन तपकिरी रंगद्रव्य बनते. अळंब्याच्या चार फोडी करून पाहा. एक तशीच ठेवा, एकीवर लिंबू पिळा, एक दोन मिनिटे उकळत्या पाण्यात बुडवून काढा आणि एक फ्रिजमध्ये ठेवा. तासाभरानंतर विद्यार्थ्यांनाच विचारा, विकर कुठे मेले, कुठे गारठले आणि कुठे अडवले गेले?

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. हे तपकिरी रंगद्रव्य विषारी नाही. त्याने अळंबे 'खराब' होत नाही. अळंबे आपटले, जुने झाले, किंवा गरम जागी राहिले, एवढेच तो रंग सांगतो, आणि तेही नेहमी खरे सांगतो असे नाही. जिवाणूंमुळे पडणारे डाग निराळे. १९१५ मध्ये टोलास या अमेरिकन संशोधकाने लागवडीच्या अळंब्यांवरचा तपकिरी, ओलसर डागांचा रोग जिवाणूंमुळे होतो हे दाखवले आणि त्या जिवाणूला पुढे त्यांचेच नाव मिळाले. छत्रीवर पाणी साचून राहिले की तो फोफावतो. तो डाग चिकट असतो आणि पुढे कुजण्याकडे जातो. दोन्ही डाग डोळ्याला तपकिरीच दिसतात, पण बोटाला आणि नाकाला फरक कळतो. आपल्या आज्या पालेभाजी निवडताना डोळ्यांइतकाच हात आणि नाक वापरत. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेल्या मालाने आपल्याकडून ही दोन साधने काढून घेतली.

पण मग अळंबे पांढरेच असले पाहिजे, हे आले कुठून? पॅरिसजवळच्या दगडखाणींच्या गार बोगद्यांत एकोणिसाव्या शतकात जी अळंबी पिकत, ती पांढरट, मळकट, बदामी, तपकिरी अशा सगळ्या रंगांची असत. १९२६ च्या सुमारास अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया राज्यात एका शेतकऱ्याच्या वाफ्यात नेहमीच्या बदामी अळंब्यांमध्ये अचानक एक शुभ्र पुंजका उगवला. निसर्गतः झालेला तो बदल होता. शेतकऱ्याने तो जपला, त्यापासून बियाणे केले आणि गिऱ्हाइकांना ते आवडले. आज जगभर 'बटन मशरूम' म्हणून जी पांढरी गोळी विकली जाते, तिचे घराणे तिथले. चवीत किंवा पोषणात पांढऱ्याने बदामीवर मात केली असे काही नाही. ते स्वच्छ दिसले, इतकेच. पण एकदा पांढरेपणा हीच ताजेपणाची खूण ठरली आणि त्याच वेळी एक नवा दोष जन्माला आला. बदामी अळंब्यावर बोटाचा ठसा उठला तर कोण पाहतो? पांढऱ्यावर तो कपड्यावरच्या शाईसारखा उठून दिसतो.

मग पांढरे पांढरेच ठेवण्याची धडपड सुरू झाली. सर्वांत सोपा उपाय म्हणजे सल्फाइटच्या पाण्यात धुणे. त्यातून मिळणारा सल्फर डायऑक्साइड विकराला अडवतो आणि क्विनोनलाही बांधून टाकतो. आपल्याकडेही पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात बटन अळंबी धुण्याची पद्धत अनेक वर्षे सर्रास होती. धुतलेली अळंबी बाहेर काढताच लख्ख दिसतात. पण धुताना ती पाणीही पितात, आणि टोलासच्या जिवाणूला हवे असते ते नेमके पाणीच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी न धुतलेल्यांपेक्षा ती अधिक लवकर चिकट होऊ लागतात. अमेरिकेत सॅलडवर आणि कच्च्या भाज्यांवर मारलेल्या सल्फाइटमुळे दम्याच्या रोग्यांना गंभीर त्रास झाल्याच्या आणि काही मृत्यूंच्या तक्रारी पुढे आल्या. तेव्हा १९८६ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने कच्ची खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या फळाभाज्यांवर सल्फाइट वापरण्यास बंदी घातली.

दुसरा मार्ग हवेचा. केंब्रिजमध्ये किड आणि वेस्ट यांनी १९२० च्या दशकात सफरचंदे कमी ऑक्सिजन आणि जास्त कार्बन डायऑक्साइड असलेल्या कोठारात ठेवली, तर त्यांचे पिकणे लांबते हे दाखवले होते. अळंब्यांना वेगळे कोठारही नको. ती इतक्या जोराने श्वास घेतात की पातळ प्लॅस्टिकच्या आवरणात बंद केली तर आतली हवा आपोआपच बदलते. १९७० च्या सुमारास सुपरबाजारांत अशी बंद पाकिटे आली. कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे छत्री उघडायला वेळ लागे आणि पाकीट टेबलावर दिमाखदार दिसे. सगळे खूश होते.

१९७५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या सुगियामा आणि यांग यांनी एक साधी शंका घेतली. श्वास घेऊन घेऊन पाकिटातला ऑक्सिजन संपला तर? मातीत आणि खतात सर्वत्र आढळणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू ऑक्सिजनच्या अभावातच वाढतो, आणि त्याचे विष माहीत असलेल्या विषांत सर्वांत जहाल गणले जाते. त्यांनी मुद्दाम त्याचे बीजाणू टोचलेली अळंबी पाकिटात बंद केली आणि २० अंशांना ठेवली. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच विष सापडू लागले. आणि त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की तोवर अळंबी खाण्याजोगीच दिसत होती!

या निष्कर्षापाशी आपण थोडे थांबू या. एका बाजूला कडा तपकिरी झालेले, दुकानदाराने परत केलेले आणि खायला निर्धोक अळंबे. दुसऱ्या बाजूला शोभिवंत पाकिटातले, रंगरूप शाबूत असलेले आणि प्राणघातक ठरू शकणारे अळंबे. डोळ्यांनी निवड करायला सांगितली तर आपण सगळेच चुकू. त्या प्रयोगानंतर पाकिटांना भोके पाडण्याचा रिवाज आला. आजही अळंब्यांच्या पाकिटावर बारीक छिद्रे दिसतात, ती कुणी शोभेसाठी पाडलेली नाहीत. प्लॅस्टिकची पिशवी फुटकी म्हणून परत करणारी गिऱ्हाइके मी पाहिली आहेत. त्यांना ही हकीकत सांगावी.

आता विषय थोडा बाजूला जाईल, पण वर्ध्याबाहेर जाणार नाही. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, म्हणजेच मगनवाडीत, त्याचे काम सुरू झाले आणि चिटणीस झाले जे. सी. कुमारप्पा. संघाने पहिल्याच काळात जे प्रश्न हाती घेतले, त्यांत एक होता तांदळाचा. गिरणीतला पांढराशुभ्र, चकचकीत तांदूळ की हातसडीचा तांबूस? साखर की गूळ? गांधीजींनी 'हरिजन'मधून यावर वारंवार लिहिले. गिरणीत कोंडा आणि अंकुर निघून जातात, आणि त्यांच्याबरोबर 'ब' गटातली जीवनसत्त्वे जातात, हे तोवर माहीत झाले होते. जावा बेटात आइकमान यांनी १८९० च्या दशकात सडलेल्या पांढऱ्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो हे दाखवले होते, आणि १९२९ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले होते.

पण गिरणीवाल्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हेही सांगितले पाहिजे. कोंड्यात तेल असते, ते खवट होते आणि कीडही आधी तिथेच लागते. कोंडा काढलेला तांदूळ कोठारात आणि रेल्वेच्या वाघिणीत जास्त दिवस टिकतो. टिकाऊपणा हा खरा फायदा होता. मगनवाडीचे उत्तर असे, की दूरच्या बाजारासाठी महिनोन् महिने टिकणारा तांदूळ करण्यापेक्षा भात साठवावे आणि लागेल तसे गावातच सडावे. टिकवायचे काय, भात की तांदूळ, हा प्रश्नच त्यांनी बदलून टाकला. कुमारप्पांच्या सगळ्याच आर्थिक विचारांशी मी सहमत नाही, गिरणीच नको म्हणणे तर मला आजही पटत नाही. पण साठवणुकीचे संशोधन करणाऱ्याने हा प्रश्न तोंडपाठ ठेवावा असे मला वाटते. कारण आमच्या क्षेत्रात जो माल हाती आला तोच आहे तसा टिकवायचा, असे गृहीत धरून आम्ही कामाला लागतो.

त्याच मगनवाडीत १९३५ मध्ये सोयाबीन खाण्याचे प्रयोग झाले आणि गांधीजींनी त्यांवर लिहिलेही. तेव्हा ते पीक इथे नवखे होते. आज विदर्भात सोयाबीनची शेतेच्या शेते आहेत, आणि मळणी झाल्यावर उरलेल्या कुटाराचे ढीग प्रत्येक गावात दिसतात. हेच कुटार, गव्हाचा भुसा, भाताचा पेंढा, बारीक केलेली पऱ्हाटी यांवर धिंगरी अळंबे छान वाढते. धिंगरीची लागवड पहिल्यांदा जर्मनीत फाल्क यांनी १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या टंचाईच्या दिवसांत केली. भारतात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाकिया बानो आणि श्रीवास्तव यांनी १९६२ मध्ये ती भाताच्या पेंढ्यावर वाढवून दाखवली. त्याच्या आदल्याच वर्षी हिमाचलमधल्या सोलन येथे बटन अळंब्याच्या लागवडीचे काम सुरू झाले होते. १९८३ मध्ये तिथे अळंब्यांसाठी राष्ट्रीय केंद्र निघाले, आणि देशभरच्या समन्वित प्रकल्पात पुण्याचे कृषी महाविद्यालयही आहे. बटन अळंब्याला शिजवलेले खत आणि १५-१८ अंशांचा गारवा लागतो, म्हणजे वातानुकूलित शेड आणि भांडवल. धिंगरीला एक झोपडी, ओली पोती आणि हिवाळा पुरतो. म्हणून बटन शहरांभोवती राहिले आणि धिंगरी बचत गटांकडे आली.

पण टिकण्याच्या बाबतीत धिंगरी बटनापेक्षाही नाजूक. पातळ पंख्यासारखी छत्री, पापुद्रे पहिल्यापासून उघडे. साध्या हवेत जेमतेम एक दिवस. आणि मार्चमधली वर्ध्याची 'साधी हवा' म्हणजे दुपारी चाळीस अंशांच्या आसपास. पुढे मे महिन्यात तर पारा ४५ च्याही पुढे जातो. परदेशी पुस्तकांतले तक्ते २० अंशांपाशी संपतात. आमचा दिवस तिथून सुरू होतो!

शीतगृह हे उत्तर सगळ्याच अळंब्यांना लागू पडते असेही नाही. पूर्व आशियात लोकप्रिय असलेले भातपेंढ्यावरचे अळंबे फ्रिजमध्ये ठेवले तर गारठ्याने पेशी फुटून अक्षरशः पाणी सुटते. उष्ण प्रदेशातल्या त्या जीवाला १०-१५ अंशांखालची थंडी सोसत नाही. गॅमा किरणांचा मार्गही आहे. किरणांच्या माफक मात्रेने छत्रीचे उघडणे लांबते. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राचा लासलगावचा प्रकल्प २००२-०३ पासून कांद्यासाठी उभा आहे. पण कांदा एकदा किरणांखालून काढला की महिने टिकतो. अळंब्याला त्यानंतरही थंड साखळी लागतेच, मग खेड्यातून आणलेल्या दहा किलोंसाठी हा खटाटोप कोण करणार?

त्या दोघींना आम्ही मग जे सुचवले ते अगदीच साधे होते. प्रत्येक पाकिटाला छिद्रे पाडा. तोडणीच्या आदल्या संध्याकाळपासून बेडवर पाणी मारू नका, म्हणजे छत्री कोरडी हाती येते. तोडलेली अळंबी लगेच पाकिटात न भरता पसरून गार होऊ द्या. विटांच्या दोन भिंतींमध्ये ओली वाळू भरून केलेला शीतकक्ष गावात बांधा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात तो सुचवला, आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो माठासारखा गार राहतो. तापमान दहा-बारा अंशांनी उतरते, वीज लागत नाही. एवढ्याने सहा तासांचे चोवीस-तीस तास झाले.

आणि उरलेला माल वाळवा. पातळ कापडाखाली, जाळीवर, वर्ध्याच्या त्याच उन्हात, ज्याने ताज्या मालाचा घात केला होता. दहा किलोंचे एक किलो होते, आणि कडकडीत वाळवून हवाबंद डब्यात ठेवले तर महिनोन् महिने राहते. गंमत म्हणजे वाळलेली धिंगरी बदामी-तपकिरीच असते, आणि तिच्या रंगाबद्दल आजवर एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नाही. ताजी असताना जो रंग दोष होता, तोच वाळल्यावर 'नैसर्गिक' झाला.

पांढरेपणाची कथा मात्र संपलेली नाही. २०१६ मध्ये पेनसिल्व्हानिया राज्य विद्यापीठातल्या यिनाँग यांग यांनी बटन अळंब्यातल्या फिनॉल ऑक्सिडेज बनवणाऱ्या सहा जनुकांपैकी एक जनुक क्रिस्पर तंत्राने निकामी केले. विकराची क्रिया सुमारे तीस टक्क्यांनी घटली, आणि अमेरिकी कृषी खात्याने त्याला नियमनाची गरज नाही असे कळवले. ज्या राज्यात नव्वद वर्षांपूर्वी तो पांढरा पुंजका उगवला, तिथेच तो पांढरा राहावा म्हणून हा प्रयोग झाला. तंत्र देखणे आहे आणि मला त्यात धोका दिसत नाही. फक्त एक विचारावेसे वाटते. अळंबे जुने झाले, आपटले, उन्हात राहिले, हे सांगणारी जी एक कच्ची का होईना खूण गिऱ्हाइकाजवळ आहे, ती पुसल्यावर त्याने काय पाहून घ्यायचे?

बचत गटाचे काम चालू आहे. हिवाळ्यात ताजी, उन्हाळ्याच्या तोंडावर वाळलेली, असे त्यांचे गणित बसले आहे. अडते ते पावसाळ्यात. तेव्हा कुटार आहे, हवेत दमटपणा आहे, धिंगरी बेसुमार येते. पण ऊन नाही आणि दमट हवेत वाळूचा शीतकक्षही गार होत नाही. दरवर्षी जुलैत मोठ्या ताईंचा फोन येतो, "सर, ऊन गेलं, आता काय करू?" या वर्षी आम्ही धिंगरी मिठाच्या पाण्यात उकळून बाटल्यांत भरून पाहतो आहोत. लोणचेही घालून पाहिले आहे. लोणच्याचा रंग पार काळा आला आहे आणि गावातली मुले ते बोटे चाटून खात आहेत.